अर्ज केला, चिवडा आला

नाशिकला सिडकोतल्या आमच्या कॉलनीत पेव्हर ब्लॉक बसवले आणि पहिल्याच पावसात ते पायाखाली डुगडुगायला लागले. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज दिला. काम कितीचं, बिल किती निघालं, एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप-वहीत, काय लिहिलंय.

आठव्या दिवशी ठेकेदाराचा पोरगा दारात. हातात चिवड्याचा पुडा, मोबाइलमध्ये नानांच्या अर्जाचा फोटो, पत्त्यासकट. "काका, एक फोन करायचा ना! आम्ही काय परके आहोत?" धमकी वगैरे काही नाही. आईने मात्र रात्री दोनदा कडी तपासली. २०११ मध्ये मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलात भेसळ करणाऱ्यांनी जाळून मारलं, ते आमच्याच जिल्ह्यात. सरकारी अधिकाऱ्याची ही गत, तर रिटायर्ड क्लार्कचं काय, हा तिचा प्रश्न.

कॉलनीच्या ग्रुपवर यावर नेहमीचं सुरू झालं: आपले लोकच झोपलेले, परदेशात बघा कसं असतं. परदेशातली म्हणून माझ्याकडे बोट.

मी स्वीडनमध्ये राहते. इथे सरकारी कागद मागण्याचा हक्क १७६६ पासूनचा. मुलाच्या शाळेच्या मैदानाचं बिल मी नगरपालिकेकडे मागितलं, तेव्हा सवयीने नाव, पत्ता, कारण असं सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली आणि खाली एक ओळ: कारण सांगायची गरज नव्हती. तुम्ही कोण, कशाला हवंय, हे गोपनीयता तपासण्यापुरतं सोडलं तर इथे विचारायचंच नसतं. बाकी इथली माणसं फार जागरूक आहेत असं काही नाही. माझ्या शेजाऱ्याने जन्मात एक कागद मागितलेला नाही.

कारण तर आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातही विचारता येत नाही. पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स नंबर चालेल, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच म्हटलंय. तरी अर्ज ठेकेदाराच्या मोबाइलमध्ये पोचतो. झोपलेलं कोण आहे मग?

माहिती अधिकाराचा धंदा करणारे आहेत, हे खरं. अर्ज टाकायचा, पाकीट घ्यायचं, अर्ज मागे. पण दडवलेला कागद आहे म्हणूनच तो विकता येतो. कलम ४ तर सांगतं की बरीचशी माहिती खात्याने न मागता, आपणहून जाहीर करायची. सिंहस्थाची कामं निघाली आहेत, रस्ते, पूल, घाट. प्रत्येक कामाचं बिल आणि एमबी वेबसाइटवर टाका. ब्लॅकमेलर काय विकणार? आणि पुडा घेऊन कोणाच्या दारात जाणार?

नानांना उत्तर आलं: 'माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने देता येत नाही.' अठ्ठावीस घरांची कॉलनी आमची! पहिलं अपील फेटाळलं, दुसरं आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे आहे, तारीख लागायचीय. चिवडा त्यांनी फोडलेला नाही. कपाटावर ठेवलाय, सुनावणीला न्यायचा म्हणतात.