सीसी राहू द्या, मेन स्टँड आहे का ते सांगा

टूरिंगसाठी गाडी घ्यायची म्हटलं की गप्पांची गाडी थेट सीसीवर जाते. मग हॉर्सपॉवर, टॉप स्पीड, स्क्रीनवर नकाशा दिसतो का, क्रूझ कंट्रोल आहे का. मेन स्टँड आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या लेखी पहिला प्रश्न तोच. लांबच्या प्रवासात रोज मुक्कामाला पोचल्यावर दहा मिनिटं गाडीशेजारी बसावं लागतं, आणि ती दहा मिनिटं सुखाची जाणार की कंबर मोडणार हे त्या स्टँडवर ठरतं. हल्ली कंपन्या तो देतच नाहीत किंवा वेगळे पैसे लावून देतात. वजन वाचतं म्हणे!

चेनचंच घ्या. साधारण ५०० ते ७०० किलोमीटरला तेल, पावसात भिजली तर त्याआधीच. म्हणजे मोठ्या प्रवासात जवळजवळ रोज. मेन स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवत चेनच्या आतल्या बाजूने तेल सोडलं की झालं. साइड स्टँडवर थोडं तेल मारा, गाडी हातभर ढकला, पुन्हा वाका, पुन्हा ढकला. काही महाभाग इंजिन चालू करून, गिअर टाकून चाक फिरवतात आणि फिरत्या चेनवर फडकं धरतात. कृपा करून हे करू नका. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चाकात) गेलेलं बोट परत मिळत नाही.

चेनच्या ताणाबद्दल तर ऐकीव ज्ञानाचा सुकाळ आहे. चाक सावकाश फिरवत खालची चेन बोटाने वर-खाली करून पाहा: एका जागी ती ऐसपैस हलते, थोडं पुढे तीच घट्ट लागते. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून ढिलाई मोजायची ती सगळ्यात घट्ट जागी. आकडा मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो. पुष्कळ गाड्यांना २५ ते ३५ मिलिमीटर, लांब सस्पेन्शनवाल्यांना जास्त. "जरा लूज वाटतेय, घ्या टाइट करून" म्हणणारा आणि लगेच पाना उचलणारा, दोघंही गाडीच्या मुळावर उठलेले. तुम्ही बसलात, मागे जोडीदार बसला, सामान चढलं की मागचं सस्पेन्शन दबतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट (तो ज्यावर वर-खाली हलतो तो सांधा) आणि मागचा अ‍ॅक्सल (चाकाचा आस) एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. उभ्या गाडीवर ढिलाईच ठेवली नसेल तर पहिल्या खड्ड्यात सगळा मार गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर. चेन बदलणं अर्ध्या तासाचं काम. त्या बेअरिंगपायी बऱ्याच गाड्यांचं इंजिन उघडावं लागतं.

शाफ्टवाले, म्हणजे चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचं चाक चालवणाऱ्या गाड्यांचे मालक, हे वाचून हसत असतील. हसोत. बीएमडब्ल्यूने १९२३ साली पहिली आर ३२ काढली तीच शाफ्टवर, होंडाची १९७५ची गोल्ड विंगही शाफ्टवरच. सुख आहे, मान्य. पण वजन वाढतं, फायनल ड्राइव्हचं (मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीचं) तेल बदलावं लागतंच, आणि बिघाड झाला तर आडरस्त्याला कुणी हात लावत नाही. चेनची जोडकडी आणि छोटं हत्यार खिशात मावतं. आपण चेनवाले.

आता सामान. टॉप बॉक्स मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे आणि उंचावर असतो. त्यात हत्यारं, पाण्याच्या बाटल्या कोंबल्या की पुढचं चाक हलकं पडतं आणि वेगात गाडी डुलायला लागते. मग लोक टायरला शिव्या घालतात. जड ते पॅनियरमध्ये (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पेट्यांत), खाली आणि शक्य तितकं पुढे. टॉप बॉक्समध्ये रेनकोट आणि हातमोजे. मागचा प्रीलोड (सस्पेन्शनच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवायचा आणि हवा स्टिकरवरच्या लोडवाल्या आकड्याप्रमाणे भरायची, तीही टायर थंड असताना. सामान लादल्यावर हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडत असेल तर प्रीलोड कमी पडतोय.

टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून खूश होऊ नका, तारीखही वाचा. टायरच्या बाजूवरच्या DOT कोडचे शेवटचे चार अंक: २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा. रबर उभ्या गाडीवरही म्हातारं होतं. तीच गत ब्रेक फ्लुइडची. डॉट ४ प्रकारचं फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, आणि लांब घाट उतरताना ते उकळलं की लिव्हर थेट हँडलला टेकतो. साधारण दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कमी चालली असली तरी. "एवढी कुठे चालवली?" हा हिशेब इथे चालत नाही.

आणि ते आठवड्यातून एकदा गाडी चालू करून पाच मिनिटं घुर्रघुर्र करणं बंद करा. स्टार्टरने बॅटरीतून जे ओढलं ते आयडलिंगवर धड भरून निघत नाही. इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे पाण्याची वाफ तेलात आणि सायलेन्सरमध्ये साठून राहते. महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीला मेंटेनन्स चार्जर (ती भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा, लोखंडी टाकी असेल तर ती भरून ठेवा आणि चावी ड्रॉवरमध्ये टाका. चालवायचीच असेल तर अर्धा तास नीट फिरवून आणा.