सरासरी पाऊस कुठेच पडत नाही

दुष्काळी भागातल्या शेतीवर काहीही वाचायला घ्या, तिसऱ्या-चौथ्या ओळीत एक आकडा भेटतोच, सरासरी पर्जन्यमान अमुक अमुक मिलिमीटर. आणि तिथेच माझं डोकं सटकतं. सरासरी नावाचा पाऊस कुठे पडतो का हो? चार वर्षं कोरडी गेली आणि पाचव्या वर्षी पूर आला तरी कागदावर सरासरी छान येते, पण तोवर दावणी रिकाम्या झालेल्या असतात. सोमालिया, इथियोपिया, केनिया या पट्ट्यात 2020 च्या शेवटापासून लागोपाठ पाच हंगाम पावसाने दगा दिला आणि 2023 च्या शेवटी एल निनोच्या वर्षात असा कोसळला की जे उरलंसुरलं होतं ते पुरात गेलं. काढा आता सरासरी.

जगातली सुमारे 40 टक्के जमीन अशी कोरडी किंवा निमकोरडी आहे, 2 अब्जांहून जास्त माणसं तिथे राहतात, म्हणजे हा काही कोपऱ्यातला प्रश्न नाही. आणि तिथले लोक पिढ्यानपिढ्या वाईट वर्ष गृहीत धरून जगत आलेत, आपल्या योजना मात्र बऱ्या वर्षावर आखलेल्या असतात. मला वाटतं सगळी गडबड इथे आहे.

जनावरं घेऊन फिरणाऱ्यांचंच घ्या. हे लोक मागास आहेत म्हणून भटकतात, एका जागी बसवलं की सुधारतील, हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की खरंच वाटायला लागलंय. पण अशा प्रदेशात पाऊस ठिपक्याठिपक्यांनी पडतो, या टेकडीवर पडला तर पलीकडे थेंब नाही. कोवळ्या गवतात जो कस असतो तो वाळून काडी झाल्यावर राहत नाही, मग कोवळं गवत जिथे उगवलंय तिथे वेळेवर पोचणं हेच तर कौशल्य, नाही का? त्यात कळपही एकाच जातीचा नसतो. गाय-मेंढी गवतावर जगते, शेळी आणि उंट झुडपांवरही भागवतात. उत्तर केनियात सांबुरूसारख्या भागात गाई टिकेनात म्हणून लोक उंटांकडे वळायला लागलेत, दुष्काळात गाय आटते तेव्हाही उंटीण दूध देते, आणि घरातल्या पोराबाळांच्या पोटात काय जातं ते त्यावर ठरतं. आणि "इतकी जनावरं कशाला पाळता" असं विचारणाऱ्या तज्ज्ञांना मला विचारायचंय की तुम्ही बँकेत पैसे कशाला ठेवता?

शेतकऱ्यांकडेही हीच अक्कल आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत याकुबा सावाडोगो नावाचा शेतकरी होता, 2023 मध्ये वारला. 1980 च्या आसपास, दुष्काळाने जमीन दगडासारखी झालेली असताना हा माणूस भर उन्हाळ्यात, पावसाचा पत्ता नसताना, शेतात खड्डे खणायला लागला. झाई म्हणतात त्याला, पद्धत जुनीच, यानं खड्डे मोठे केले आणि त्यात शेणखत-पालापाचोळा भरला. खत खायला वाळवी येते, वाळवी जमिनीत भोकं पाडते, त्या भोकांतून पहिल्या पावसाचं पाणी आत मुरतं. म्हणजे ज्या वाळवीच्या नावाने आपण बोटं मोडतो तिलाच यानं फुकटात कामाला लावलं! गावाने वेडा ठरवला होता त्याला.

शेजारच्या नायजरमधली गोष्ट तर याहून भारी. तिथे रोपं लावण्याचे कार्यक्रम झाले, बहुतेक रोपं मेली. 1983 च्या सुमाराला टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन माणसाच्या लक्षात आलं की शेतातली खुरटी झुडपं म्हणजे झुडपं नाहीतच, तोडलेल्या झाडांचे बुंधे आहेत, खाली मुळं जिवंत आहेत. फुटवे छाटून दोन-चार राखले की झालं, रोपवाटिका नको काही नको. पण खरी मेख वेगळीच होती. झाड कायद्याने सरकारचं, मग शेतकऱ्याने ते राखायचं कशासाठी? पुढे ती पकड ढिली झाली, राखलेलं झाड आपलं असं लोकांना वाटायला लागलं आणि बघता बघता सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडं उभी राहिली. 2018 मध्ये राइट लाइव्हलीहुड पुरस्कार या दोघांनाही मिळाला.

बाजरीबद्दलही बोलतो, कारण 2023 हे भरडधान्य वर्ष होतं आणि तेव्हा सगळ्यांनी जोरात भाषणं ठोकली. बाजरी काटक आहेच, भाजून काढणाऱ्या उन्हातही दाणा भरते, वाद नाही. पण बाजरीचं पीठ काही दिवसांत कडू पडायला लागतं आणि कुटण्या-दळण्याची मेहनत बहुतेक ठिकाणी बाईच्याच अंगावर. शहरात आयात तांदूळ पाकिटात तयार मिळत असताना तिने बाजरी का निवडावी? बियाण्यावर पैसा जातो, गिरणीवर जात नाही, आणि मग लोक खात नाहीत म्हणून रडायचं.

एक गोष्ट मात्र बरी झाली. केनियात मार्साबिटला 2010 मध्ये जनावरांचा विमा आला, त्यात उपग्रहावरून चाऱ्याची हिरवळ मोजतात, ती फार घटली की भरपाई, मेलेली जनावरं मोजत बसत नाहीत. सुरुवातीला पैसे हातात पडेपर्यंत जनावरं मेलेली असायची, नंतर ते आधीच द्यायला लागले, म्हणजे चारा विकत घेऊन जनावर जगवता येईल. एवढी साधी गोष्ट सुचायला काही वर्षं गेली, असो.

पण विमा काढून कळपांची फिरायची वाट मोकळी होत नाही. इथियोपियात अवाश नदीच्या काठाची जमीन अफार नावाचे पशुपालक लोक कोरड्या दिवसांत चराईला वापरायचे, बाकीचे महिने तिथे कोणी नाही, म्हणून नकाशावर ती रिकामी दिसली. 1960 च्या दशकापासून तिथे कापूस आणि ऊस उभा राहिला. वर्षातले थोडेच महिने लागणारा तुकडा, पण तेच महिने जीव वाचवणारे, तो गेला म्हटल्यावर उरलेलं हजारो एकर माळरान असून नसल्यासारखं. 1970 च्या दशकात दुष्काळ पडला तेव्हा अफार लोकांचे फार हाल झाले. पुढे मातीची धूप थांबवायला म्हणून तिकडे वेडी बाभूळ आणली, हो तीच आपल्या ओळखीची, तिने उरलेली कुरणंही गिळली, आता ती काढायच्या योजना चालू आहेत.

2026 हे संयुक्त राष्ट्रांनी कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष ठरवलंय. भाषणं परत होतील. माझं लक्ष त्या नकाशांकडे असणार आहे, त्यात रिकामी म्हणून रंगवलेली जागा कोणाची ते कोणी विचारायला जातंय का.