कोरलचा दिवा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या कोरलसाठी, म्हणजे प्रवाळासाठी, दिवा निवडताना सगळ्यात निरुपयोगी वस्तू म्हणजे माणसाचे डोळे. माझ्याकडे निवडायला तेच आहेत.

खोक्यावर आधी वॅट दिसतात. वॅटवरून दिवा वीज किती खातो ते कळतं, उजेड किती देतो ते नाही. मग ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप. ते मोजतात माणसाच्या नजरेच्या हिशेबाने, आणि आपल्या नजरेला हिरवट-पिवळ्याचा भारी पुळका. कोरलला त्याचं काय? उजेडाचा रंग सांगणारा केल्विनचा आकडा २०,००० म्हटला की खोली निळी होणार हे नक्की. कोरलचं पोट भरेल का, यावर केल्विन गप्प.

कामाचा आकडा ‘पार’चा (PAR, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेड). ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला उजेड जागेवर किती पोहोचतो, ते हा सांगतो. गंमत म्हणजे हा उजेड कोरल स्वतः खातच नाही. त्याच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. घरजावई, पण कमावता. उजेड कमी पडला की त्याची कमाई आटते, आणि अतीच झाला की त्याची घरातून हकालपट्टी होऊन कोरल पांढरंफटक पडतं. म्हणजे एवढी डोकेफोड मी ज्याच्यासाठी करतोय, तो जावई मला सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसणारसुद्धा नाही.

बरं, सगळ्यांची भूक सारखी असती तरी चाललं असतं. मश्रूम कोरल साधारण ५० ते १०० पारवर तृप्त, हॅमर कोरलला १०० ते १५० पुरे, आणि अ‍ॅक्रोपोराबाई २५० च्या खाली बोलायलाच तयार नाहीत. दिवा मात्र एकच! यावर तोडगा उंचीचा: अ‍ॅक्रोपोरा दगडाच्या माथ्यावर, मश्रूम तळाशी सावलीत. पण माथ्यावरच्या बाई वाढल्या की खालच्यांवर सावली धरतात, ती निराळी भानगड.

जाणकारांना विचारावं तर त्यांचे तीन पंथ, प्रत्येकाचा दिव्याचा प्रकार वेगळा. मेटल हलाइडवाले पाण्यातल्या लखलखीबद्दल हळवे होतात, पण तो दिवा पाणी तापवतो हे शेवटी सांगतात. टी-फाइव्हवाल्यांचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो, नळ्या मात्र वेळोवेळी बदलायच्या. एलईडीवाल्यांच्या हातात मोबाइल असतो. पहाट, दुपार, संध्याकाळ सगळं बोटावर. पार मोजायचं यंत्र घ्यावं, यावर तिघांचं एकमत. त्याची किंमत पाहिल्यावर ते उसनं मागावं, यावरही.

शेवटी एलईडी आणला, चांगला दणदणीत. सोबतच्या पुस्तिकेत पहिलीच सूचना: एकदम पूर्ण लावू नका, कोरलला सवय होऊ द्या. त्यामुळे एवढा महागाचा दिवा सध्या ३० टक्क्यांवर मिणमिणतोय आणि हळूहळू वाढवायचा आहे. निळ्या उजेडात सोफ्यावर बसलेले घरचे विचारतात, ‘एवढाच उजेड?’ मी त्यांना पारचं एकक, मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद, समजावून सांगायला लागतो. मग कोणी विचारत नाही.