पाऊस पळवणारं विमान

आभाळ भरून येतं, वारा सुटतो, वरून एक विमान जातं आणि ढग पांगतात. 'पळवला बघा पाऊस!' नाशिक जिल्ह्याच्या येवला-सिन्नर पट्ट्यात असं म्हणणाऱ्याला अडाणी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण हाच माणूस द्राक्षबागेत दवाचा ओलावा बघून डाउनी हा बुरशीचा रोग येणार का ते सांगतो. निरीक्षण पक्कं असतं, हिशेब अर्धा राहतो.

विमान दिसलं आणि पाऊस आला नाही, एवढंच लक्षात राहतं. विमान दिसूनही पाऊस आला, विमान न दिसता कोरडं गेलं, ते दिवस कुणी मोजत नाही. त्यात मोठी गंमत अशी की प्रवासी विमानं दहा-अकरा किलोमीटरवरून रोजच जातात. आभाळ गच्च असलं की दिसत नाहीत, फाटलं की दिसतात. म्हणजे ढग आधी फाटतात, विमान नंतर दिसतं. मागची पांढरी रेघ म्हणजे इंजिनातल्या वाफेचे गोठलेले हिमकण. वरची हवा कोरडी असली तर रेघ लगेच विरते, ओली असली तर पसरत राहते.

आता पळवायचं पाणी किती? हजार चौरस किलोमीटरच्या तालुक्यावर 10 मिमी पाऊस म्हणजे 1 कोटी घनमीटर, साधारण 353 दलघफू (दशलक्ष घनफूट). गंगापूर धरणाची क्षमता 5630 दलघफू, त्याचा सोळावा हिस्सा! इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिमीच्या आसपास आणि येवल्यात पाचशेच्या, हा फरक सह्याद्रीच्या आडोशाचा आहे. पण डोंगराला जाब विचारता येत नाही.

आणि ही गोष्ट सगळी हवेतली नाही, म्हणून तर टिकते. राज्य सरकारने 2015 आणि 2019 मध्ये कृत्रिम पावसाचे प्रयोग खरोखर केले, अर्थात पाऊस पाडण्यासाठी. अमेरिकेने 1967 ते 1972 व्हिएतनाम युद्धात शत्रूच्या वाटा चिखलात घालायला गुपचूप ढगांवर फवारे मारले. नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कारखान्याची विमानं चाचणीसाठी उडतातच. त्यातून डिसेंबर 2023 मध्ये दिल्लीतून निघालेल्या एका अधिसूचनेने कांद्याची निर्यात बंद झाली. ज्याच्या चाळीतल्या मालाचा भाव दूरचं कुणी असं ठरवतं, त्याला ढगही तिथूनच हलवतात हे अशक्य का वाटावं? माझ्या मते मूळ इथे आहे. परिस्थिती हाताबाहेर गेली की माणसाला नसलेले आकार दिसू लागतात, असं 2008 साली 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत छापलेल्या प्रयोगांत आढळलं होतं. बाकीचं काम मोबाइलवर फिरणारे फॉरवर्ड मेसेज करतात. तेच वाक्य पुन्हापुन्हा कानावर पडलं की खरं वाटायला लागतं.

अशा माणसाशी बोलताना 'अंधश्रद्धा' हा शब्द काढलात की संवाद संपला. कांद्याचं दुखणं आधी मान्य करा, मग विचारा, पळवून फायदा कुणाचा? विमा कंपनीचं नाव निघालं तर पुढचा प्रश्न: पीक वाळलं तर भरपाई कोण देणार? रेघ दिसताच मोबाइलवर विमानांचा माग काढणारं ॲप उघडून मार्ग आणि उंची दाखवा. मात्र लष्करी विमान त्यात बहुधा दिसत नाही आणि संशय दुप्पट होतो, हे आधीच सांगून ठेवा.

सगळ्यात भारी पडते साधी वही. महिनाभर रोज दोन नोंदी: विमान दिसलं का, पाऊस किती मिमी. पर्जन्यमापक सकाळी साडेआठलाच वाचायचा. वही फसते ती एकाच जागी: विमानही नाही आणि पाऊसही नाही, त्या दिवशी ती कुणी उघडतच नाही.