दोष कुणी सिद्ध करायचा?

२४ डिसेंबरचा राष्ट्रीय ग्राहक दिन जवळ आला, की 'परदेशात ग्राहक राजा, आपल्याकडे त्याला कुणी विचारत नाही' हे हमखास ऐकू येतं. ब्रिटनमध्ये राहून दोन्हीकडचे कायदे शेजारी ठेवून वाचले, तर हे अर्धंच खरं आहे. आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा काही बाबतींत इथल्याहून उदार आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. इथे छोट्या दाव्यासाठीही रकमेनुसार कोर्ट फी आधी भरावी लागते. आपल्याकडे ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असो. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणजे 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं बिलावर छापून सदोष वस्तू गळ्यात मारता येत नाही.

मग अडतं कुठे? पुराव्यापाशी.

वॉशिंग मशीन चौथ्या महिन्यात बंद पडलं असं धरू. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात जबाबदारी दुकानाची. सहा महिन्यांत दिसलेला दोष विकतानाच होता, असं मानलं जातं. तसं नव्हतं हे दुकानाने दाखवायचं. दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी दुकानाला मिळते. ती फसली, की पैसे परत, आणि सहा महिन्यांच्या आत वापरापोटी कपातही नाही (मोटारींचा अपवाद). शिवाय १०० पौंडांहून महाग, ३०,००० पर्यंतची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली असेल, तर दुकानाइतकीच कार्ड देणारी बँकही जबाबदार असते. दुकान बुडालं तरी पैसे बुडत नाहीत.

हेच मशीन सांगलीत बंद पडलं, की दुकानदार म्हणतो, "कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा." तंत्रज्ञ येतो, पीसीबी (मशीनचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) जळाल्याचं सांगतो आणि जॉब शीटवर, म्हणजे कामाची नोंद करायच्या कागदावर, 'व्होल्टेज कमी-जास्त' किंवा 'पाणी शिरले' असं खरडून सही मागतो. ग्राहक न वाचता सही करतो. त्या दोन शब्दांवर वॉरंटी नाकारली जाते, आणि आयोगासमोर तोच कागद ग्राहकाच्या विरोधात उभा राहतो. मग तज्ज्ञाचा अहवाल ग्राहकाने आणायचा, प्रयोगशाळेची फी लागली तर तीही बहुधा त्यानेच भरायची. निकालाची मुदत कायद्यात ३ महिने, तपासणी लागली तर ५. प्रत्यक्षात खटले वर्षानुवर्षं चालतात. अठरा-वीस हजारांसाठी कोण थांबेल?

म्हणून 'जागो ग्राहक जागो'च्या जाहिरातींपेक्षा मला एक दुरुस्ती जास्त मोलाची वाटते: पहिल्या सहा महिन्यांतला दोष मूळचाच मानावा, आणि उत्तर विक्रेत्याने द्यावं.

तोवर कागद आपणच सांभाळायला हवा. तंत्रज्ञ असतानाच जॉब शीट वाचा. कारण मान्य नसेल तर सहीजवळ 'कारण मान्य नाही' असं लिहा, फोटो काढा. काढलेला पीसीबी त्याला नेऊ देण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटोत टिपा, भाग क्रमांकासह. दुकान आणि कंपनी दोघांनाही ईमेल करून १५ दिवसांची मुदत द्या. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. हेल्पलाइनला हुकूम देण्याचा अधिकार नाही, पण बऱ्याच कंपन्या तिथेच तडजोड करतात. नाहीच जमलं, तर 'ई-जागृती' पोर्टलवरून जिल्हा आयोगात, दोन वर्षांच्या आत. तक्रारीत दुकान आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा. एकालाच केलं, तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

परदेशातून आई-वडिलांसाठी ऑनलाइन वस्तू मागवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने 'ग्राहक' असतो. पैसे लंडनहून भरले तरी तक्रार आई-वडिलांना त्यांच्याच जिल्ह्यात करता येते. फक्त बिल त्यांच्या नावावर घ्यावं आणि पैसे भरल्याची पावती त्यांच्याकडे आधीच पाठवून ठेवावी.