चार लाखांची सायकल आणि माझे सत्त्याहत्तर हजार

गेल्या महिन्यात एकच मजकूर माझ्याकडे तीन वाटांनी आला. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग ठाण्याजवळच्या येऊरला जाणाऱ्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर आणि शेवटी धाकट्या भाऊजींकडून, खाली हसरं तोंड चिकटवून. मजकुराचा गोषवारा असा: ‘परदेशात एकट्याने सायकल चालवायची स्वप्नं पगारदार माणसाने बघू नयेत. दीड लाखाची टूरिंग सायकल लागते. विमानवाले सायकलीचे तिकिटाएवढे पैसे घेतात. एकट्याला व्हिसा देत नाहीत. शाकाहारी असाल तर उपाशी मराल, बाई असाल तर विचारूच नका. पॅकेज घ्यावंच लागतं, माणशी चार लाख.’

मी पगारदार, शाकाहारी आणि बाई, तिन्ही आहे. व्हिएतनाममध्ये ह्वे ते न्या त्रांग, साडेसहाशेच्या आसपास किलोमीटर, एकटीने चालवून आले आहे. तेव्हा क्रमाने घेऊ.

दीड लाखाची सायकल. माझी हायब्रिड, म्हणजे शहरात रोज चालवायची साधी सायकल, अठ्ठावीस हजारांची, तीही चार वर्षं घोडबंदर रोडची धूळ खाल्लेली. निघण्यापूर्वी चरईतल्या ओळखीच्या मेकॅनिककडून चेन आणि ब्रेक पॅड बदलून घेतले, मागे कॅरियर बसवला, दोन जादा ट्यूब घेतल्या. साडेतीन हजार. मुंबईचे सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ ला सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघं १९२८ च्या मार्चमध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर करून परतले. गिअरचं कौतुक सांगणाऱ्यांनी त्यांच्या सायकली आठवून बघाव्यात. सामान आठ-नऊ किलोच्या आत ठेवलं, तर सपाटीच्या किनाऱ्यावर साधी सायकलही निमूट चालते.

विमानाचे पैसे. यात अर्धं खरं आहे. कुठे सायकल तेवीस किलोच्या सामानातच धरतात, कुठे वेगळं शुल्क लावतात, आणि ते आधी भरलं नाही तर काउंटरवर जास्त पडतं. मला जाताना पडलंच, कारण मी खोक्याचं मापच कळवलं नव्हतं. चूक माझी. खोकं मात्र फुकट मिळतं. नव्या सायकली ज्या पुठ्ठ्यात येतात तो दुकानदाराला अडगळच असतो. पुढचं चाक आणि पेडल काढायची, हँडल आडवं वळवायचं, सीट खाली, टायरमधली हवा थोडी कमी. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरून माझ्या मामेभावाने पाना वाकवला होता. पॉवर बँक खोक्यात टाकायची नाही, ती हातातल्या बॅगेत. परतीचं खोकं न्या त्रांगच्या दुकानात हातवारे करून मागितलं. सायकल दोन्ही वेळची मिळून आठ हजारांत गेली-आली; तिकीट एकतीस हजारांचं.

व्हिसा. इथे मजकूर लिहिणाऱ्याने धांदात खोटं लिहिलं आहे. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून नव्वद दिवसांपर्यंतचा मिळतो, एका प्रवेशाचं शुल्क २५ डॉलर. पासपोर्टच्या पानाचा फोटो, स्वतःचा फोटो आणि कुठून शिरणार, कुठून बाहेर पडणार ते. सोबत कोण आहे म्हणून अडवत नाहीत. मी हनोईला उतरून हो चि मिन्ह सिटीहून परतणार होते, तशी नोंद केली. एवढंच बघायचं की संकेतस्थळ सरकारी आहे. हुबेहूब दिसणारी दलालांची पानं त्याच कामाचे दुप्पट-तिप्पट घेतात.

खरी डोकेफोड या मजकुरात कुठेच नाही, ती ऋतूची आणि वाऱ्याची. व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावर पाऊस आपल्या पावसाळ्यानंतर येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ह्वे, होई आन पाण्याखाली जातात. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत तिथे सायकल न्यायची नाही. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेला निघायचं, पाठीवर वारा घेऊन. उलट दिशेने निघालात तर दिवसाचे ऐंशी किलोमीटर एकशे वीससारखे लागतील. आणि तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष. २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी येतं, आणि त्या आठवड्यात गणपतीतल्या कोकण रेल्वेसारखी अवस्था असते. मी तेत उलटल्यावर गेले. रजा सोळा दिवसांची होती, आणि माझ्या मते सगळ्यांत महाग वस्तू तीच. चार लाख जमवणाऱ्यालाही साहेब सलग सोळा दिवस देतीलच असं नाही.

हनोई ते ह्वे रात्रीची रेल्वे, ६८८ किलोमीटर. सायकल मालडब्यात वेगळी नोंदवावी लागते आणि कधी कधी दुसऱ्या गाडीने येते. माझी पाच तास उशिरा आली. तोवर स्टेशनबाहेर बसून आरसा उजवीकडून डावीकडे बसवला, कारण तिथे वाहतूक उजव्या बाजूने चालते आणि मागचा ट्रक डावीकडून पुढे जातो. ह्वे ते दा नांग मधला हाय व्हान घाट ४९६ मीटरचा. कसारा घाट ज्यांनी चढला आहे त्यांना तो फार मोठा वाटणार नाही, फक्त एका बाजूला समुद्र असतो म्हणून थांबावंसं वाटतं. घाटाखालच्या बोगद्यात सायकल चालवू देत नाहीत, तिला गाडीत घालून नेतात. बहुतेक अवजड वाहनं बोगद्यातूनच जातात आणि घाट सायकलवाल्यांना मोकळा मिळतो. पुढे मात्र राष्ट्रीय महामार्ग १ वर ट्रकची रांग असते. तिथे किनाऱ्याचे छोटे रस्ते शोधत गेलं तर दहा-वीस किलोमीटर वाढतात, जीव राहतो.

तयारी म्हणाल तर दोन शनिवार-रविवार, सामान लादून: ठाणे ते शहापूर, मुक्काम, दुसऱ्या दिवशी घाट चढून पुन्हा कसाऱ्याला उतरायचं आणि लोकलच्या मालडब्यातून परत.

शाकाहार. ‘चाय’ हा एक शब्द पाठ करा. चहा नव्हे, शाकाहारी. ‘कोम चाय’ पाटीखाली भात, टोफू, पालेभाजी मिळते. पुष्कळ बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसमच्छी खात नाहीत, आपल्या एकादशीसारखं. त्या दिवशी तर चंगळ. इतर ठिकाणी माशाचं सॉस सगळ्यात घालतात, ते नको म्हणून आवर्जून सांगावं लागतं. जेवणखाण आणि किरकोळ मिळून दिवसाला नऊशे रुपये, साध्या लॉजचेही तेवढेच. तिथलं चलन डोंग; पाचशे हजारांची आणि वीस हजारांची, दोन्ही नोटा निळ्या असतात, हे मात्र जपा. मी एकदा नारळपाण्याला पाचशे हजारांची दिली. म्हातारीने हसून परत केली.

बाई. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये सायकलवर जगप्रदक्षिणा करताना १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर केले. स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलंही गेलं. म्हणजे धोका नाही असं मी म्हणत नाही. अंधारात चालवायचं नाही, रोज मुक्कामाचं ठिकाण घरी कळवायचं, आणि विम्यावर काटकसर नाही. विम्याची अठराशेची पावती मी तीनदा वाचली, सायकल चालवताना झालेली इजा त्यात येते का ते बघायला. रात्री कापूरबावडीच्या सिग्नलवर मला जितकी भीती वाटते त्याहून जास्त तिथे वाटली नाही.

रेल्वेचे दोन्ही टप्पे (हनोई ते ह्वे आणि शेवटी न्या त्रांग ते हो चि मिन्ह सिटी) साडेपाच हजार, व्हिसाचे बावीसशे, चौदा दिवसांचं राहणं-खाणं पंचवीस हजार दोनशे. सायकल आधीचीच, तिची किंमत सोडून वरचे सगळे खर्च मिळवून सत्त्याहत्तर हजार दोनशे.

चार लाखांचा आकडा कुठून आला हे मला ठाऊक आहे: युरोपच्या पॅकेजमधून. तिथे भाऊजी थोडे बरोबर आहेत. शेंगेन व्हिसाचे जून २०२४ पासून ९० युरो, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, शिवाय बँक खात्यात पुरेसे पैसे दिसावे लागतात. डॅन्यूबकाठी पासाउ ते व्हिएन्ना तीनशेवर किलोमीटर आहेत आणि रस्ता सपाट. तिथे सत्त्याहत्तर हजारांत भागणार नाही, दीड लाख तरी लागतील. पोस्टात आवर्तक ठेव सुरू केली आहे.