दुकानं बंद झाली म्हणून दारू सुटत नाही

‘लॉकडाऊनने शिकवलं’ अशा मथळ्याचा एक मेसेज बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर अजून फिरतोय. मी रावपुऱ्यात औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. मोबाइल पुढे करून ‘ताई, हे खरं का?’ विचारणारं कुणी ना कुणी येतंच, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. २०२० मध्ये दारू मिळेना, तेव्हा पिणारे आपोआप सुधारले; म्हणजे व्यसनाला डॉक्टर लागत नाही. फोनवरचा इलाज हा पैसे काढायचा धंदा, कारण पेशंट फोनवर खोटंच बोलतो. लिव्हर बिघडलेल्याने आधी लिव्हर बरं करावं, मनाच्या डॉक्टरचं मागाहून बघावं. गुळवेलीचा काढा आणि जेवणातून गुपचूप द्यायची पावडर पुरेशी आहे. आणि गुजरातेत फोनवर ‘मी पितो’ म्हणालात, तर पोलीस दारात.

पहिलाच मुद्दा बडोद्यात बसून कुणी लिहावा याचं मला हसू येतं. इथे दारूची दुकानं राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून बंद आहेत. सरकारी परमिटवाले सोडले तर कायद्याने कुणाला मिळत नाही. तरी सिऱ्हॉसिसची, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाण्याच्या आजाराची औषधं न्यायला लोक येतात. दुकान बंद असणं हा इलाज असता, तर आमच्या राज्यात दारूने लिव्हर गेलेला माणूस सापडलाच नसता.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात तुटते तेव्हा काय होतं, ते मेसेज लिहिणाऱ्याने पाहिलेलं नाही. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण तिसऱ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावतो. केरळात मार्च २०२० च्या शेवटी नेमकं हेच झालं. दारू अचानक बंद झाली, आत्महत्यांच्या बातम्या आल्या, आणि सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटना भडकल्या आणि २ एप्रिलला उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तो आदेश मलाही पटलेला नाही, पण लोक आपोआप सुधारत असते तर तो काढायची वेळच आली नसती. ४ मेपासून दुकानं उघडू लागली, तेव्हा इतर राज्यांतल्या रांगा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. आणि साथीच्या भीतीने लोक शहाणे होतात म्हणावं, तर अमेरिकेत दारूशी संबंधित मृत्यू २०१९ ते २०२० या एका वर्षात सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढले.

आता फोनचा मुद्दा. यात मेसेजचं थोडं खरं आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. वर सांगितलेले पहिले तीन-चार दिवस फोनवर काढायचे नसतात, निदान ज्याला आधी फिट आलीय किंवा ज्याचं लिव्हर खराब आहे त्याने तर नाहीच. शिवाय २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन-व्हिडिओवरून इलाज करण्याचे जे नियम आले, त्यांच्या मूळ मसुद्यात अमली पदार्थांच्या कायद्यातली मनोविकारांवरची औषधं फोनवरून लिहून द्यायला बंदी होती. दारू सोडताना देतात त्या डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपाम या गोळ्या त्याच यादीतल्या. मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो दाखवून कुणी त्या मागितल्या, तर मला नाही म्हणावं लागायचं. गिऱ्हाईक रागवायचं. पण लिव्हरवाल्याच्या बाबतीत तो नकार योग्यही होता: डायझेपाम आणि क्लोरडायझेपॉक्साइड लिव्हरमधून निघायला वेळ लागतो, त्या अंगात साठतात आणि माणूस गुंगीत जातो. म्हणून डॉक्टर अशा पेशंटला बहुधा लोराझेपाम देतात, तेही नजरेखाली.

पण दारू तोडणं चार दिवसांचं आणि तुटलेली ठेवणं वर्षानुवर्षांचं. मेसेजने या दोन्हींची मोट बांधलीय. दुसऱ्या कामाला फोन उत्तम चालतो. दर आठवड्याला दहा मिनिटं बोलणं, तलफ कधी उठते ते विचारणं, गोळी चालू आहे का पाहणं, बायकोशी किंवा मुलाशी दोन शब्द. यासाठी छोटाउदेपूरहून बस पकडून बडोद्याला यायचं, तेही सयाजी आणि गोत्री या दोन्ही सरकारी रुग्णालयांत कोविडचे वॉर्ड भरलेले असताना? लिव्हर कमजोर असलेल्याला तर संसर्गाची भीती जास्तच. व्हिडिओवर डॉक्टरला डोळ्यांचा पिवळेपणा बऱ्यापैकी दिसतो. ‘हात पुढे करा, पंजे वर वाकवून ताठ धरा’ म्हटलं की पंजे फडफडतात का तेही कळतं. लिव्हरचा परिणाम मेंदूवर होऊ लागल्याची ती खूण. रोज कागदावर सही करून फोटो पाठवायला सांगितलं, तर बिघडणारं अक्षरही बोलतं. पोटात पाणी किती झालंय ते मात्र फोनवर ठोकून बघता येत नाही, आणि काळी शौच, रक्ताची उलटी, बरळणं, पोट फुगलेलं असताना ताप यांपैकी काही असेल तर फोन ठेवून दवाखान्यात धावायचं.

दूरवरून लिव्हरचा इलाज नवा आहे असंही नाही. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला. तज्ज्ञ व्हिडिओवर बसायचे आणि खेड्यातले साधे डॉक्टर त्यांच्या सल्ल्याने हेपटायटिस सी या लिव्हरच्या संसर्गाचे पेशंट सांभाळायचे. २०११ मध्ये निकाल छापून आले: विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के बरे झाले, खेड्यांत ५८.२ टक्के. बंगळुरूच्या निम्हान्स या मनाच्या आजारांच्या संस्थेने व्यसनोपचारासाठी हीच पद्धत उचलली.

पेशंट फोनवर खोटं बोलतो? समोर बसूनही बोलतो, दुकानात तर रोज ऐकते. त्यासाठी तपासण्या आहेत. लघवीतली ईटीजी दोन-तीन दिवसांपूर्वीची दारू दाखवते, रक्तातली पेथ दोन ते चार आठवड्यांची. नमुना जवळच्या लॅबमध्ये द्यायचा, डॉक्टर कुठेही असो.

‘आधी लिव्हर, मग मन’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. दारूने बिघडलेल्या लिव्हरचा मुख्य इलाज दारू बंद करणं हाच आहे. पोटात पाणी झालेल्यांचंही आयुष्य त्याने वाढतं. मग कोणतं लिव्हर आधी बरं करणार? उलट व्यसनाची औषधं निवडताना लिव्हर बघावंच लागतं. सिऱ्हॉसिसच्या पेशंटवर बॅक्लोफेन या तलफ कमी करणाऱ्या औषधाची चाचणी इटलीत झाली, २००७ मध्ये छापून आली: ८४ पेशंट, बारा आठवडे, औषध घेणाऱ्यांत ७१ टक्के दारूपासून लांब राहिले, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २९ टक्के. तेही औषध मेंदूवर परिणाम झालेल्याला गुंगी आणतं, म्हणून लिव्हरचा आणि मनाचा डॉक्टर एकमेकांशी बोलत असलेले बरे. फोनवर ते जास्त सोपं जातं.

गुपचूप द्यायच्या पावडरीबद्दल काकी, वहिनी, तुम्हा सगळ्यांनाच हात जोडून सांगते, नका देऊ. अशा पुड्यांत काय आहे ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम, म्हणजे दारूशी भिडून त्रास देणारं औषध असेल आणि वर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळतो. ते औषध स्वतःच लिव्हरला इजा करू शकतं, म्हणून लिव्हरच्या पेशंटला डॉक्टर ते टाळतात. गुळवेलीचंही तसंच. साथीत घरोघर काढा उकळत होता, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वाद कुणीही जिंको, आधीच दुखणाऱ्या लिव्हरवर प्रयोग कशाला?

राहिली पोलिसांची भीती, आणि गुजरातेत ती खोटी म्हणून उडवून लावता येत नाही. इथे पिणं गुन्हा आहे. पण दारूच्या व्यसनातून आलेला मानसिक त्रास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आजार म्हणून धरलेला आहे, आणि त्याच कायद्याचं कलम २३ पेशंटची माहिती गुप्त ठेवायला सांगतं. अपवाद आहेत, जिवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश असे. ‘हा माणूस पितो’ एवढंच कळवणं त्यांत बसत नाही. उलट दारूबंदीच्या राज्यातच फोनचा उपयोग जास्त. मांडवीत व्यसनमुक्तीच्या पाटीखालून आत जाताना ओळखीचं कुणी बघेल, ही भीती घरात दार लावून बोलताना नसते. व्यसनासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. मनाच्या आजारांसाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस सुरू झाली, तिचा नंबर १४४१६.